जाड डिझेल, पातळ डिझेल

२८ नोव्हेंबर

खिंडीवरून बस नेणाऱ्या ड्रायव्हर बंधूंनो आणि भगिनींनो,

तुम्हाला चोर म्हटलं जात आहे. डेपोच्या फाटकाशी एक फळा टांगलेला आहे. दर सोमवारी त्यावर तांबड्या खडूनं काही नावं लिहिली जातात आणि वर मथळा असतो: 'कमी ॲव्हरेज'. साहेबांच्या भाषेत कमी ॲव्हरेज म्हणजे डिझेलचोर. हा अर्थ तुमच्या बायकांना कळतो, पोरांना कळतो, फाटकासमोर चहा विकणाऱ्यालाही कळतो.

आता खरं काय ते ऐका. उन्हाळ्यात तुम्ही जाड डिझेल भरता. थंडी पडली की खिंडीच्या गाड्यांना पातळ डिझेल मिळतं, कारण जाड डिझेल गारठ्यात गोठतं. पातळ डिझेल अंगानं हलकं, त्याच्या एका लिटरात उष्णताच कमी. म्हणजे गाडी तीच, चढण तीच, तुमचा पायही तोच, तरी लिटरमागे अंतर कमी पडतं. पाटीभर कोळसा आणि पाटीभर लाकूड यांवर चूल सारखीच वेळ जळत नाही, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. कंपनीच्या साहेबांना मात्र बारा महिने एकच आकडा हवा.

परवाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. साहेब हसले. म्हणाले, "बाई, तुमच्याच डेपोत एक ड्रायव्हर आहे. भर थंडीत उन्हाळ्याचं ॲव्हरेज देतो. एकाला जमतं ते बाकीच्यांना का जमत नाही?" नाव सांगायला तयार नाहीत. म्हणे, तुम्ही त्याला फाडून खाल.

हा एक माणूस आपल्या सगळ्यांच्या गळ्यातला फास आहे. तो कोण, हे शोधा.

तुमची,
संघटनेची चिटणीस

ता. क., फक्त तुझ्यासाठी: बारक्या, पत्रकाची ही प्रत मुद्दाम तुला वेगळी पाठवते आहे. तू त्या डेपोत अकरा वर्षं काढलीस. तुझे कान कुठेही पोचतात. त्या दलालाचं नाव मला हवं आहे. घरी फोन नाही आणि डेपोच्या फोनला साहेबांचे कान आहेत, तेव्हा पत्रच लिही.

— आक्का


४ डिसेंबर

आक्कास, सा. न.

पत्रक मिळालं. फाटकावर चिकटवलंही, दुपारपर्यंत कोणीतरी फाडलं. पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. कोळसा-लाकडाचा तुझा दाखला सगळ्यांना आवडला. लांब्या तर दिवसभर ज्याला त्याला विचारत होता, "काय रे, आज कोळशावर की लाकडावर?" लांब्या तुला आठवत असेल, आपल्या घराच्या दारातून वाकून येणारा.

साहेबांना पोरं आता ॲव्हरेजराव म्हणतात. त्यांच्या कानावर गेलंय, पण त्यांना ते आवडल्यासारखं दिसतं.

त्या माणसाचं म्हणशील तर मला काही कल्पना नाही. आणि आक्का, समजा सापडला तरी तू त्याचं काय करणार आहेस? त्याचंही घरदार असेल. इथे फळ्याची भीती काय असते ते तुला लांबून नाही कळायचं. तीनदा नाव आलं की खिंडीवरून काढतात आणि रात्रीच्या पहाऱ्याला बसवतात. सोमवारी सकाळी फाटकाकडे जाताना माझे पाय थंड पडतात, आणि ते हवेनं नाही.

एक विचारायचं होतं. तुझं वाचन दांडगं आहे म्हणून विचारतो. खिंडीच्या पायथ्यापर्यंतच्या चढणीला सगळ्यात जास्त डिझेल जातं. समजा कोणी डेपोत अर्धी टाकी जाड भरली आणि पायथ्याच्या पंपावर वरून पातळ भरलं. जाड जड, ते तळाशी राहणार आणि आधी जळणार. माथ्यावर जाईपर्यंत टाकीत फक्त पातळच उरणार. मग यात चूक काय?

सहज विचारलं. तुझी भावजय आणि छोटी मजेत आहेत. तू इकडे येण्याची घाई करू नकोस, रस्ता वाईट आहे.

तुझा,
बारक्या


९ डिसेंबर

बारक्या,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. "समजा कोणी" म्हणजे तुला ठाऊक आहे तो कोण. तुझ्या पत्रातली ती चार वाक्यं मी दहा वेळा वाचली. सुचलेली कल्पना आणि हातानं केलेलं काम यांतला फरक मला कळतो. हे कोणीतरी करतो आहे आणि तू त्याला पाठीशी घालतो आहेस.

तुला उत्तर हवं आहे ना, घे. इथे तेलाच्या गोदामात तपासनीस म्हणून काम केलेले एक गृहस्थ आहेत, आता निवृत्त. त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "हे करणारा अजून जिवंत आहे?"

जाड डिझेलात मेण असतं, बारक्या. उबेत ते विरघळलेलं असतं म्हणून दिसत नाही. गारठा वाढला की आधी डिझेल गढूळ होतं, मग त्यात मेणाचे कण धरतात. पायथ्याच्या पंपापर्यंत पोचताना टाकी वाऱ्यानं गार पडलेली असते, म्हणजे मेण तिथेच धरायला लागलेलं असतं. त्यावर कितीही पातळ ओता, एकदा धरलेलं मेण त्यात विरघळत नाही. आणि टाकी म्हणजे काही थरांचं कपाट नाही. वळणावळणावर सगळं घुसळतं. ते मेण फिल्टरला जाऊन बसतं आणि इंजिनाचा घसा बंद होतो. पातळ डिझेल टाकीतच राहतं, इंजिनापर्यंत पोचत नाही. हवा सौम्य असेल तर हे खपतं. एक दिवस नाही खपणार. त्या दिवशी गाडीत तीस माणसं असतील.

आता दुसरं ऐक. हा माणूस चार लिटर वाचवून तुम्हा सगळ्यांना चोर ठरवतो आहे. साहेबांच्या हातातली काठी तो आहे. मी सभा बोलावणार आहे आणि सगळ्या ड्रायव्हरांपुढे त्याला उभा करणार आहे. दयामाया नाही. मला नाव कळव.

— आक्का


१५ डिसेंबर

आक्का,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो माणूस मी आहे.

हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतं आहे, म्हणून भराभर लिहून टाकतो. मागच्या थंडीत माझं नाव फळ्यावर लागलं, एकदाच. त्या दिवशी छोटी माझा विसरलेला डबा घेऊन डेपोत आली. तिला नुकतं वाचता यायला लागलं होतं. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. तिनं फळाही मोठ्यानं वाचला. चहावाला म्हणाला, "हे तुझे बाबाच की." घरी येताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही काय घेतलंत?" मी सांगितलं, काही नाही. ती म्हणाली, "मग परत देऊन टाका ना." आक्का, मी तिला कोळसा आणि लाकूड समजावून सांगू शकलो नाही. तुझ्यासारखं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा थंडी लागल्यापासून मी जाडाच्या नळीवर गाडी लावतो. आपल्या पंपावर दोन नळ्या आहेत, खालच्या गावांच्या गाड्यांना जाड, खिंडीला पातळ. पावतीवर फक्त लिटर येतात, जात येत नाही. कोणी विचारत नाही. नाव फळ्यावर लागलं नाही. मला वाटलं आपण सुटलो. मग साहेबांनी बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला खरी भीती वाटायला लागली. माझ्या आकड्यानं ते बाकीच्यांना मारणार आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझं पत्रक फाटकावर मी चिकटवलं. आणि खरं सांगतो, ते फाडलंही मीच.

तुझं मेणाचं पत्र आलं त्याच दिवशी, पत्र हातात पडायच्या आधी, तिसऱ्या वळणावर गाडीनं आचका दिला. दोनदा. मग सावरली. प्रवाशांना कळलं नाही. माझा सदरा घामानं भिजला, आणि बाहेर काचेवर बर्फ होता.

अजून एक सांगायचं राहिलं आणि तेच सगळ्यात वाईट. लांब्याचं नाव दोनदा लागलं. तो माझ्यापुढे रडला, एवढा मोठा माणूस. मी त्याला हे शिकवलं.

उद्या माझी खेप आहे. गाडी आज संध्याकाळीच भरून ठेवली, जाडच. आता सगळं काढून पुन्हा पातळ भरायला गेलो तर पंपावर विचारतील का म्हणून. ही एक खेप होऊन जाऊ दे. परवा परत आलो की सोडलं. लांब्यालाही सांगतो. तोपर्यंत कोणाला काही बोलू नकोस. एवढं ऐक.

बारक्या


१६ डिसेंबर

बारक्या,

पत्र आत्ता मिळालं. खाली उतरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं हातात दिलं आणि मी त्याला दारातच थांबवून हे लिहिते आहे. तो लगेच परत निघतो आहे.

तू निघाला असशील. निघाला नसशील तर निघू नकोस. आजारी पड, किल्ली विहिरीत टाक, साहेबांना शिव्या दे आणि घरी बस. काय वाटेल ते कर, पण त्या टाकीवर खिंड चढू नकोस.

रागावायला मला नंतर खूप वेळ आहे. तू लहानपणी अंधाऱ्या जिन्यात माझा पदर घट्ट धरायचास. त्याची आत्ता आठवण येते आहे आणि मला ती नको आहे.

— आक्का


१७ डिसेंबर

ती. वन्सं यांस, सा. न.

तुमचं पत्र मी फोडलं. माफ करा. ते घरी नाहीत म्हणून फोडलं.

ते काल सकाळी गेले. वरच्या गावाला दुपारी दोनपर्यंत पोचतात. वरच्या डेपोतून निरोप आला की गाडी आलीच नाही. पायथ्याच्या पंपावरून गेली, एवढं कळलं. काल दुपारनंतर तिथे वारा सुटला, रस्ता बंद आहे. बर्फ काढायचं यंत्र आज सकाळी वर पाठवलं, ते अजून परत आलेलं नाही.

तुमच्या पत्रात टाकीचं काय लिहिलंय ते मला कळलं नाही. मी साहेबांना विचारायला गेले. म्हणाले, "तो आमचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर आहे, काही होणार नाही." मी पुन्हा टाकीचं विचारलं तर माझ्याकडे बघेनात.

तुम्हाला काय माहीत आहे वन्सं, जे मला माहीत नाही? छोटी विचारते आहे. मी तिला सांगितलं, बाबा वरती मुक्कामाला आहेत. तुम्ही लवकर लिहा. नाहीतर याच.

तुमची भावजय


२१ डिसेंबर
वरच्या गावचा दवाखाना

आक्कास,

अक्षर माझं नाही. माझ्या हातांना पट्ट्या आहेत. आमच्याच बसमधल्या नर्सबाई लिहून देत आहेत. मी सांगेन तसंच लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे. (शुद्धलेखन माझं, मूर्खपणा त्यांचा. — नर्स)

मी जिवंत आहे. घरीही निरोप गेला आहे. बोटं राहतील असं डॉक्टर म्हणतात, उजव्या करंगळीचं सांगत नाहीत.

पायथ्याला पातळ भरलं तेव्हा हवा बरी होती. वर सहाव्या वळणावर वारा आला. गाडीची ताकद जायला लागली. पाय पार तळाला टेकवला तरी गाडी ओढेना, जणू कोणी मागून दोरी बांधली आहे. इंजिनाचा आवाज बारीक होत गेला, एखादा माणूस बोलता बोलता झोपी जावा तसा. मग काहीच नाही. तीस माणसं आणि वारा. आक्का, इंजिन बंद पडलेल्या बसमधली शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली उतरून फिल्टर खोलला. आत मेणबत्तीसारखं पांढरं भरलं होतं. तू सांगितलं होतंस तेच, तू सांगितलं होतंस त्याच जागी. नखांनी खरवडलं, पुन्हा लावलं, पुन्हा भरलं. हातमोजे भिजले म्हणून काढून टाकले होते. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी नर्सबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "तुमची बोटं आता तुमची राहिलेली नाहीत, वर चला." (मी याहून वाईट बोलले होते. — नर्स)

त्यांनी सगळ्यांना दोन दोनच्या जोड्यांत चिकटवून बसवलं, म्हातारे बसच्या मध्यभागी. सामान फोडून कपडे वाटले. झोपेल त्याला चिमटे काढायचे, असा हुकूम. एका शाळामास्तरांना त्यांच्याच विद्यार्थ्यानं इतके चिमटे काढले की ते म्हणाले, "बाळ, मागच्या परीक्षेचा राग काढतोस काय?" तेवढ्यावर सगळे हसले. मी हसलो नाही. त्यांना ठाऊक नव्हतं गाडी का बंद पडली. मला ठाऊक होतं.

बर्फाचं यंत्र दुसऱ्या दिवशी पोचलं. सगळे जिवंत बाहेर निघाले. एक म्हातारे घड्याळजी मात्र अजून डोळे उघडत नाहीत. ते माझ्या पलीकडच्या खाटेवर आहेत. त्यांची बायको माझे आभार मानते. म्हणते, तुम्ही हात पणाला लावून आमच्यासाठी झटलात. आक्का, हे ऐकत पडून राहायचं म्हणजे काय असतं ते तुला सांगता येत नाही.

काल साहेब आले होते. पेढीवाल्यासारखे गोड बोलले. फिल्टर सदोष होता असा अहवाल त्यांनी लिहूनच आणला आहे, पेन धरता येत नाही म्हणून मी फक्त अंगठा उठवायचा. "तुझं नाव खराब होणार नाही," म्हणाले, "आणि तुझा आकडाही." त्यांना सगळं ठाऊक आहे. कधीपासून, ते देव जाणे. अंगठ्याला पट्टी आहे म्हणून उठवला नाही. परवा पट्टी सुटेल.

लांब्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची वर यायची खेप मंगळवारी सकाळी आहे. तोही माझ्यासारखा आदल्या दिवशीच भरून ठेवतो. आणि नर्सबाईंना आमच्या कंडक्टरनं सांगितलं की तो एकटा नाही, लांब्याकडून आणखी तिघे शिकले आहेत. कोण ते मला माहीत नाही. इथून मला कोणालाच गाठता येत नाही.

तू म्हणाली होतीस, दयामाया नाही. मी मागतही नाही. मला उभा कर, नाव घेऊन उभा कर. पण उद्याच्या उद्या कर.

बारक्या


२२ डिसेंबर

खिंडीच्या ड्रायव्हर बंधूंनो आणि भगिनींनो,

हे पत्रक मी स्वतः घेऊन आले आहे. फाटकापाशी उभी राहून वाचते आहे. कोणाला फाडायचं असेल त्यानं माझ्या हातातून फाडावं.

थंडीत उन्हाळ्याचं ॲव्हरेज देणारा तो माणूस सापडला. तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्यानं पायथ्यापर्यंत जाड डिझेल जाळलं आणि वरून पातळ ओतलं. त्याच्या गाडीत मेण धरलं आणि तीस माणसं बर्फात एक दिवस अडकली. त्यातला एक म्हातारा या घडीला जगेल की जाईल, ते डॉक्टरांना ठाऊक नाही. हे त्यानं सांगितलं आहे. फिल्टर सदोष असल्याच्या अहवालावर तो अंगठा उठवणार नाही. त्याला जी शिक्षा द्यायची ती सभेनं द्यावी. मी त्याची बहीण म्हणून एक शब्द बोलणार नाही आणि चिटणीस म्हणून मतही देणार नाही.

पण मी तुम्हाला सांगितलं होतं, तो कोण ते शोधा. मी माणूस शोधत बसले आणि टाकीत काय आहे ते कोणी शोधलं नाही. मी फळ्याची भीती ओरडून घालवायला निघाले होते. तुमच्यातल्या चौघांनी ती डिझेलमध्ये मिसळली. मला ते चौघे कोण, ते आज नको आहे. मला लांब्या ठाऊक आहे, तो समोर उभा आहे आणि त्याची मान खाली आहे. लांब्या, वर बघ. बाकीच्या तिघांची नावं मी विचारणार नाही.

ॲव्हरेज कमी येईल. तांबड्या खडूनं तुमचं नाव लागेल. त्या फळ्याविरुद्ध मी साहेबांशी भांडेन, वर्षभर भांडेन, आणि मला खात्री नाही की जिंकेन. आत्ता त्याची चर्चा नको. आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत, ऊन आहे, टाक्यांमधलं डिझेल अजून वाहतं आहे. सकाळपर्यंत वाहणार नाही.

उद्या ज्यांच्या गाड्या खिंड चढणार आहेत त्यांनी सगळ्यांनी, ज्यांनी जाड भरलं त्यांनी आणि ज्यांनी नाही भरलं त्यांनीही, म्हणजे कोणी कोणाकडे बोट दाखवणार नाही, आत्ता माझ्याबरोबर आवारात चला. पाना घ्या, गाडीखाली शिरा, टाकीच्या बुडाचं बूच उघडा आणि आतलं सगळं डिझेल खाली येऊ द्या.